नाव न सांगता सांगणे: कारखान्यातील मानसिक प्रथमोपचारक आणि व्यवस्थापन, एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२३ सालचे आहे. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका मध्यम कारखान्यात ते घडले. कारखान्यात सुमारे ४२० माणसे काम करत होती आणि त्यांतील निम्म्याहून अधिक कंत्राटी होती. मी तिथे गुणवत्ता विभागात निरीक्षक आहे. ज्यांच्याविषयी लिहिते आहे ते प्रेस शॉपमधील सेटर होते, म्हणजे प्रेसवर (पत्रा दाबून आकार देणाऱ्या यंत्रावर) डाय, म्हणजे साचा, बसवून, प्रेसचा स्ट्रोक (वर-खाली होण्याचे अंतर) जुळवून मशीन ऑपरेटरच्या हाती देणारे कारागीर. लेखात त्यांना केवळ सेटर म्हटले आहे. ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत, आणि मजकूर त्यांनी स्वतः वाचून छापायला संमती दिली आहे.

त्या वेळी लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ नुसार दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती सांभाळणारी प्रमाणपत्रधारक व्यक्ती असावी लागे. कामगार ५०० किंवा अधिक असतील तर कल्याण अधिकारी नेमणेही बंधनकारक होते. आमची संख्या त्या आकड्याच्या आत असल्याने कल्याण अधिकारी नव्हता. बोट कापले तर कोणत्या खांबाजवळ जायचे हे शॉपमधल्या नव्या पोरालाही ठाऊक होते, पण रात्र रात्र झोप लागत नसेल तर कुणाकडे जायचे हे वीस वर्षे नोकरी केलेल्यालाही सांगता आले नसते.

ही उणीव व्यवस्थापनाच्या लक्षात आली होती, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे. वर्षाच्या सुरुवातीला आम्हा चौघांना मानसिक आरोग्य प्रथमोपचाराच्या दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवण्यात आले. ही पद्धत २००० साली ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि अँथनी जॉर्म यांनी सुरू केली. तिचे सूत्र साधे आहे: जवळ जाऊन परिस्थितीचा अंदाज घ्यावा, दोष न देता ऐकावे, धीर आणि योग्य माहिती द्यावी, तज्ज्ञाकडे जाण्यास प्रवृत्त करावे आणि घरच्या माणसांचा आधार जोडून द्यावा. निदान करणे किंवा उपचार करणे हे प्रथमोपचारकाचे काम नाही. अशा प्रशिक्षणाने ते घेणाऱ्याचे ज्ञान आणि धीर वाढतो, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. ज्याला मदत मिळते त्याच्या प्रकृतीत नेमका किती फरक पडतो, याचा पुरावा मात्र अजून अपुरा आहे. मी हे मुद्दाम लिहिते, कारण चार माणसे प्रशिक्षित केली की विषय मिटला, अशी समजूत आमच्याकडे सहज रुजली होती. कॅन्टीनच्या दारापाशी आमचे फोटो लागले. आमचे काम कुठवर, कुणाला काय सांगायचे, कामाच्या वेळेतला किती वेळ त्यासाठी वापरायचा, यातले काहीही कागदावर आले नाही.

समस्या

जुलैच्या पहिल्या आठवड्यात सेटर माझ्याकडे आले ते एका गेजचे, म्हणजे माप तपासायच्या साधनाचे, निमित्त करून. गेज ठीक होता. त्यांच्या हातात कॉटन वेस्टचा बोळा होता आणि स्वच्छ झालेली बोटे ते पुन्हा पुन्हा पुसत होते. आमच्या कॅलिब्रेशन रूमचे, म्हणजे मोजमापाची साधने तपासण्याच्या खोलीचे, तापमान कायम २० अंशांवर ठेवलेले असते आणि दार लावले की प्रेसची धडधड जवळजवळ बंद होते. "गार आहे इथं, पण बरं वाटतं, आवाज नाही," असे ते म्हणाले आणि उभेच राहिले. "दादा, बसा थोडं," असे म्हटल्यावर बसले.

दीड महिन्यापासून त्यांना दोन-तीन तासांपलीकडे झोप नव्हती. घरी चिडचिड होत होती, जेवण कमी झाले होते, तीन खाडे झाले होते आणि हजेरीबद्दल मेमो निघणार असल्याचे कानावर आले होते. जाता जाता त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि तिने मला जास्त घाबरवले. आदल्या रात्री डाय बसवताना एक क्लॅम्प आवळायचा राहून गेला होता. प्रेस चालू करण्याआधी तो त्यांच्याच नजरेस पडला. सैल डाय चालत्या प्रेसखाली सरकली तर समोरच्या ऑपरेटरच्या हाताचे काय होते, हे प्रेस शॉपमध्ये कुणाला समजावून सांगावे लागत नाही.

या त्रासाची मुळे दोन ठिकाणी होती. एक घरात होते. फ्लॅटच्या हप्त्यासाठी सेटर महिन्यातून अनेकदा डबल मारत होते, म्हणजे लागोपाठ दोन शिफ्ट करत होते. अधिनियमाप्रमाणे ओव्हरटाइमला दुप्पट दर मिळत असे आणि त्या पैशांवर त्यांचा हप्ता उभा होता. दुसरे मूळ शिफ्टच्या तक्त्यात होते. आमच्याकडे आठवड्याचा फेरा उलटा चालत असे: थर्ड (रात्रीच्या) शिफ्टनंतर सेकंड (दुपारची), सेकंडनंतर फर्स्ट (सकाळची). रविवारची सुट्टी मिळाली तर हे निभावते. ऑर्डरच्या ताणामुळे रविवारही भरला की रात्री ११ ला सुटलेला माणूस सोमवारी सकाळी ७ ला पुन्हा प्रेससमोर असतो. मधल्या आठ तासांत बस, जेवण, अंघोळ आणि झोप. सलग १० दिवसांहून अधिक काम सुट्टीशिवाय घेता येत नसे, हा त्या वेळच्या कायद्याचा नियम पाळला जात होता आणि बदली सुट्टीची नोंदही मस्टरवर व्यवस्थित होती. त्यामुळे कागद तपासणाऱ्याला काहीच खटकले नसते.

विचारात घेतलेले पर्याय

पहिल्या भेटीनंतर माझ्यासमोर चार वाटा होत्या.

शॉपच्या सुपरवायझरांना लगेच सांगणे सर्वांत जलद होते आणि इतरांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने सरळही होते. परंतु सुपरवायझर आणि सेटर यांच्यात रिजेक्शनवरून, म्हणजे नापास होणाऱ्या मालावरून, आधीच खटके उडत होते. शिवाय ही गोष्ट दुपारपर्यंत कॅन्टीनला पोचली असती आणि पुढे वर्षभर कुणीही आमच्या फोटोखाली उभे राहिले नसते. मनुष्यबळ विभागाला कळवावे तर मेमो कदाचित थांबला असता, पण माहिती सेटरच्या कायमच्या नोंदीत जाऊन बसण्याची भीती होती. गप्प राहून केवळ ऐकत राहणे हा पर्याय, तो सैल क्लॅम्प ऐकल्यानंतर, माझ्या मते उरलाच नव्हता.

चौथी वाट मी निवडली. कारखान्याच्या आरोग्य केंद्रात आठवड्यातून तीन दिवस डॉक्टर येतात. सेटरने स्वतः तिथे जावे, मी सोबत असावे, आणि कारण न लिहिता केवळ 'काही दिवस प्रेसवर काम देऊ नये, लाइट ड्यूटी द्यावी' एवढा शेरा डॉक्टरांनी द्यावा, असे मी सुचवले. पाठदुखी असो की मधुमेह, लाइट ड्यूटीचा शेरा एकसारखाच दिसतो. त्यामुळे सुरक्षितता साधत होती आणि कारण झाकलेले राहत होते. सेटर तयार झाले. त्याच दुपारी शेरा मिळाला आणि ते डाय-स्टोअरमध्ये नोंदी ठेवण्याच्या कामाला लागले.

इथपर्यंतचा निर्णय मला आजही बरोबर वाटतो. त्या भेटीत मी केलेल्या काही चुका मात्र नंतर महागात पडल्या. त्यांच्याविषयी शेवटी लिहिले आहे.

प्रत्यक्ष कृती

चार दिवसांनी ते पुन्हा आले. आता गेजचे निमित्तही नव्हते. हप्ता, डबल बंद झाल्याने बुडणारे पैसे, घरातली भांडणे असे बोलत असताना ते म्हणाले, "कधी कधी वाटतं मॅडम, झोपावं आणि उठूच नये." मी थेट विचारले, "जीव द्यावा असं मनात येतं का?" बराच वेळ ते खाली पाहत राहिले. मग म्हणाले, "येतं. पोरीकडं बघून थांबतो."

असा प्रश्न विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरतो, ही समजूत चुकीची आहे, हे प्रशिक्षणात आम्हाला ठासून सांगितले होते. समोर माणूस बसलेला असताना ते शब्द तोंडातून काढणे तरीही अवघड जाते. उत्तर आल्यावर मात्र त्यांच्या खांद्यांवरचा ताण थोडा उतरलेला मला दिसला. कुणाला तरी कळले होते. पुढे मी विचारले की काही ठरवले आहे का, घरी सोबत कोण आहे, आज रात्री काय करणार आहात. ठरवलेले काही नव्हते, पण त्या रात्री घरी कुणी नसणार होते, कारण पत्नी मुलीला घेऊन माहेरी गेली होती.

मी त्यांना सांगितले की ही एक गोष्ट मी माझ्यापाशी ठेवू शकत नाही, आणि कुणाला सांगायचे ते आपण दोघे मिळून ठरवू. "तुम्ही तर म्हणाला होता कुणाला सांगणार नाही," हे त्यांचे उत्तर मला लागले, कारण ते खरे होते. अर्ध्या तासाच्या बोलण्यानंतर तीन माणसे ठरली: भोसरीला राहणारा त्यांचा भाऊ, पत्नी आणि आरोग्य केंद्राचे डॉक्टर. मनुष्यबळ विभाग आणि सुपरवायझर यांना काही सांगायचे नाही, असेही ठरले. खोलीतूनच आम्ही १४४१६ वर फोन लावला. टेलि-मानस ही केंद्र सरकारची मोफत सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली असून ती चोवीस तास चालते आणि मराठीतही बोलता येते. फोन स्पीकरवर नव्हता. ते बोलत होते आणि मी शेजारी बसून होते. भाऊ दीड तासात गेटवर पोचला. तोवर सेटरना मी एकटे सोडले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे भाऊ सार्वजनिक रुग्णालयाच्या मनोविकार विभागाच्या ओपीडीत गेले. तिथे औषधे सुरू झाली आणि तीन आठवड्यांच्या रजेचा दाखला मिळाला.

सार्वजनिक रुग्णालय निवडण्यामागे पैशाचा हिशेब होता. सेटरचा पगार कर्मचारी राज्य विमा योजनेच्या २१,००० रुपयांच्या मर्यादेपेक्षा थोडा जास्त होता, त्यामुळे ती योजना त्यांना लागू नव्हती. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार शारीरिक आजाराच्या बरोबरीने मानसिक आजारालाही विमा संरक्षण देणे बंधनकारक आहे. परंतु कंपनीची सामूहिक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडणारी होती आणि ओपीडीचा खर्च तिच्यात कोणत्याच आजारासाठी नव्हता.

त्या दिवशी माझी अडीच तासांची तपासणी राहिली. माझ्या विभागप्रमुखांनी पेंडिंग कामाचा जाब विचारला आणि मला खरे कारण सांगता आले नाही. पुढच्या दोन रात्री मलाही नीट झोप लागली नाही. ज्याच्याशी बोलावे असा माणूस कंपनीने आमच्यासाठी नेमलेला नव्हता.

व्यवस्थापनाशी बोलणी

रजेचा दाखला आल्यावर मनुष्यबळ विभागाच्या व्यवस्थापकांनी मला बोलावले. दाखल्यावर मनोविकार विभागाचा शिक्का होता, त्यामुळे आजार कोणत्या प्रकारचा हे त्यांना कळले होतेच. कंपनीच्या आवारात एवढे घडले आणि आपल्याला कळवले नाही, हा त्यांचा आक्षेप होता. यापुढे दर महिन्याला नाव, विभाग आणि कारण असा तक्ता द्यावा, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या बोलण्यात वाईट हेतू नव्हता. उद्या काही विपरीत झाले असते तर पोलीस आणि कारखाना निरीक्षक यांना उत्तर त्यांनाच द्यावे लागले असते, आणि ही भीती मला समजत होती.

मी नाव द्यायला नकार दिला. २०१७ च्या कायद्यातील गोपनीयतेचे बंधन उपचार करणाऱ्या व्यावसायिकांवर आहे, माझ्यासारख्या प्रथमोपचारकाला ते थेट आधार देत नाही. म्हणून कायद्याचा हवाला देऊन मी भांडू शकत नव्हते. मी एवढेच म्हणाले की नावांचा तक्ता सुरू झाला की लोक येणे थांबेल आणि तक्ता कोराच राहील. आठवडाभराने एक मधला मार्ग निघाला. दर तिमाहीला चौघांनी मिळून एकत्र आकडा द्यायचा आणि कारणे ढोबळ गटांत लिहायची. विभागाचे नाव लिहायचे नाही, कारण डाय-स्टोअरसारख्या चार माणसांच्या विभागातून एक आला असे लिहिले तर नाव लिहिल्यासारखेच होते. जिवाला धोका असेल तेव्हा, आणि इतरांच्या सुरक्षिततेला धोका असेल तेव्हा, आम्ही आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना कळवायचे आणि पुढचे डॉक्टरांनी ठरवायचे. हे सारे एका पानावर लिहून, दोन्ही बाजूंच्या सह्या होऊन, कॅन्टीनमध्ये आमच्या फोटोंशेजारी लागले.

या तिमाही आकड्याचा खरा उपयोग पुढे झाला. तीन महिन्यांत आम्हा चौघांकडे मिळून अकरा जण बोलून गेले होते आणि त्यांपैकी सात जणांच्या बोलण्यात झोप आणि शिफ्टची बदली हा विषय होता. ऑक्टोबरच्या बैठकीत मनुष्यबळ विभागाने बाहेरची समुपदेशन सेवा विकत घेण्याचा आणि आठवड्यातून एकदा योगवर्ग घेण्याचा प्रस्ताव ठेवला. दोन्ही चांगलेच आहेत. पण आठ तासांत घरी जाऊन परत येणाऱ्या माणसाला योगवर्गासाठी आणखी एक तास थांबवणे मला पटेना. मी शिफ्टचा फेरा सुलटा करावा असे मांडले: फर्स्टनंतर सेकंड, सेकंडनंतर थर्ड. झोपेची वेळ मागे ओढण्यापेक्षा पुढे ढकलणे शरीराला सोपे जाते. शिवाय रविवार भरला तरी या दोन बदलांमध्ये २४ तास मोकळे मिळतात. कागदावर रकाने आखून मी ते दाखवले.

प्लांट हेडनी तक्ता हातात घेतला आणि एका मिनिटात त्यातली चूक दाखवली. थर्ड शिफ्ट सोमवारी सकाळी ७ ला सुटते आणि त्याच गटाची फर्स्ट सोमवारी सकाळी ७ लाच सुरू होते. "हाच माणूस दोन्हीकडे कसा उभा राहील?" हे माझ्या लक्षात आले नव्हते. सुलट्या फेऱ्यात थर्डनंतर एक सक्तीची सुट्टी द्यावीच लागते आणि त्या दिवशीच्या जागा भरायला रिलिव्हर, म्हणजे बदली माणसे, लागतात, म्हणजे खर्च येतो. त्या क्षणी मला वाटले की विषय संपला. पण प्रेस शॉपच्या सुपरवायझरांनी, ज्यांना मी जुलैमध्ये काही सांगायचे टाळले होते त्यांनीच, सेटिंगमधल्या चुकांमुळे होणाऱ्या रिजेक्शनची नोंद काढली आणि फेरा बदलल्यानंतरच्या पहिल्या दोन दिवसांत ते सर्वांत जास्त असते, असे आकड्यांनी दाखवले. दोन रिलिव्हर घेऊन केवळ प्रेस शॉपमध्ये तीन महिने प्रयोग करायचे ठरले. फेरा बदलण्याच्या दिवशी कुणालाही डबल मारू द्यायचे नाही, असेही ठरले.

परिणाम

सेटर तीन आठवड्यांनी कामावर आले. डॉक्टरांच्या शिफारशीवरून सहा आठवडे त्यांना फक्त फर्स्ट शिफ्ट देण्यात आली आणि पहिले दोन आठवडे प्रेसवर घेतले नाही. मेमो निघाला नाही. आठ महिन्यांनंतर ते नियमित कामावर होते आणि औषधोपचार चालू होते. झोप सुधारली होती, पण पूर्ववत झाली असे ते म्हणत नव्हते.

सगळेच नीट झाले असे नाही. "डोक्याची गोळी चालू आहे" अशी कुजबुज झाली आणि दोन ऑपरेटरनी त्यांनी बसवलेली डाय दुसऱ्याकडून तपासून घ्यायला सुरुवात केली. हे त्यांना फार लागले. ओव्हरटाइम घटल्याने चार महिने हप्ता ओढाताणीने भरावा लागला आणि शेवटी भावाने मदत केली. मनुष्यबळ विभागाने आमच्या चौघांसाठी महिन्यातून एक तास बाहेरच्या समुपदेशकाशी बोलण्याची सोय केली. हा मला या प्रकरणातला फार मोलाचा बदल वाटतो. प्रेस शॉपमधला नवा फेरा प्रयोगानंतर कायम झाला आणि नंतर वेल्डिंग विभागातही आला.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या भेटीत मी "कुणालाही सांगणार नाही" असे वचन दिले. ते देण्याचा मला अधिकारच नव्हता. "तुमचे बोलणे माझ्यापाशी राहील, पण जीवाला धोका दिसला तर मी एकटी गप्प बसणार नाही," एवढे आधी सांगायला हवे होते. मग दुसऱ्या भेटीत, जेव्हा त्यांना सर्वांत जास्त विश्वासाची गरज होती, तेव्हा मी शब्द मोडणारी ठरले नसते.

जीव देण्याच्या विचारांबद्दलचा प्रश्नही मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. दीड महिना झोप नसलेला, जेवण तुटलेला माणूस समोर बसला असताना मी क्लॅम्पच्या काळजीत गुंतले आणि माणसाबद्दलचा प्रश्न चार दिवस लांबला. त्या चार दिवसांत काही झाले नाही. ते माझ्या कौशल्यामुळे नव्हे.

लाइट ड्यूटी सुचवताना तिच्यामुळे ओव्हरटाइम बुडेल आणि हप्त्याचा ताण वाढेल, याचा विचार मी केला नव्हता. दुसऱ्या भेटीतल्या निराशेत त्याचा वाटा होता, असे सेटरनी नंतर सांगितले. आता आम्ही चौघेही पैशाविषयी सुरुवातीलाच विचारतो आणि कर्मचारी पतसंस्थेत हप्ता पुनर्रचनेविषयी कुणाशी बोलायचे ते नाव जवळ ठेवतो.

सुपरवायझरांविषयीचा माझा अंदाजही अर्धाच बरोबर होता. सेटरचे नाव त्यांना न सांगणे योग्यच होते. परंतु शिफ्टच्या फेऱ्याविषयी, कुणाचेही नाव न घेता, मी त्यांच्याशी जुलैतच बोलू शकले असते आणि रिजेक्शनची ती नोंद तीन महिने आधी टेबलावर आली असती.

व्यवस्थापनाशी झालेले एका पानाचे लेखी ठरवणे आमचे फोटो भिंतीवर लागण्याच्या आधी व्हायला हवे होते. त्या पानावर आजही एक उणीव आहे. कंत्राटी कामगारांचे मस्टर कंत्राटदाराकडे असते आणि त्यांच्या शिफ्टचा फेरा अजून उलटाच चालतो. ते आमच्याकडे बोलायलाही कमी येतात, कारण उद्या गेटपास बंद होईल अशी त्यांना भीती आहे. कंत्राटदाराची सहीही त्या पानावर घ्यावी, असा विषय मी पुढच्या तिमाही बैठकीसाठी लेखी दिला आहे.